चिकटपट्टीवरची नोंद

रात्रीचे अडीच. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात खाटा ३२ आणि पेशंट ३८. वरचे सहा जण जमिनीवर गाद्या टाकून. ड्युटीवर सिस्टर दोघी, त्यातली एक कुणाला तरी घेऊन सीटी स्कॅनला गेलेली. मागे राहिलेल्या सिस्टरने ट्रेमधून चिकटपट्टीचं बंडल उचललं, वीतभर तुकडा फाडला आणि ॲप्रनवर मांडीपाशी चिकटवला. मग ती खाटेमागून खाट फिरली. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, सलाईनच्या थेंबांवर एक नजर, आणि वाकून त्या पट्टीवर बॉलपेनने एक ओळ: खाटेचा नंबर, बीपी, नाडी, ऑक्सिजन. नाव कुठेच नाही. माझे वडील त्या पट्टीवर १९ होते.

पहाटे पाचच्या सुमारास ती कॉम्प्युटरपाशी बसली. कॉम्प्युटर वॉर्डाच्या एका टोकाला, सिस्टरांच्या टेबलावर. १९ नंबर दुसऱ्या टोकाला. पट्टी ॲप्रनवरून सोलून तिने मॉनिटरच्या कडेला डकवली आणि एकेक आकडा आत टाकायला लागली. पेशंट शोधायचा, उघडायचा, 'व्हायटल्स'मध्ये जायचं, रकाने भरायचे, सेव्ह, मागे, पुढचा पेशंट. झोप उडालेला नातेवाईक म्हणून मी जवळच्या बाकावर बसलो होतो. पडद्यावर प्रत्येक नोंदीपुढे वेळ आपोआप पडत होती: ५.०८, ५.११, ५.१५. वडिलांचं बीपी तिने तीनच्या आधी मोजलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ते ५.२६ला मोजलं गेलं. सकाळी राऊंडला येणारे डॉक्टर तो आकडा पहाटेचा ताजा आकडा म्हणून वाचणार होते.

पुढे ही गोष्ट मी हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या क्षेत्रातल्या एका परिचिताला सांगितली. त्याने क्षणाचाही विलंब न लावता निदान केलं, "ट्रेनिंग कमी पडतंय." हे वाक्य मी नंतर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं की आता ते म्हटलं जाण्याआधीच मला ऐकू येतं. सिस्टर नीट एंट्री करत नाहीत, ट्रेनिंग द्या. आशाताई चुकीची माहिती भरतात, ट्रेनिंग द्या. डॉक्टर टाइप करायला कंटाळतात, त्यांना तर दोनदा द्या. जणू सॉफ्टवेअर हे पावसासारखं वरून पडतं आणि माणसांनी फक्त छत्री धरायला शिकायचं.

मला उलट वाटतं. ३८ पेशंट, दोन सिस्टर, एक कॉम्प्युटर आणि तोही भिंतीपाशी, अशा जागी चिकटपट्टी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पट्टी खाटेपाशी येते, तिच्यावर हातमोजे घालून लिहिता येतं, तिला पासवर्ड लागत नाही, वीज गेली तरी ती बंद पडत नाही, आणि तिच्यावरचा क्रम वॉर्डाचाच असतो: १४, १५, १६. त्या सिस्टरने स्वतःच्या कामाला हवं तसं एक साधन रात्रीतून तयार केलं होतं. लाखो रुपये घेऊन ज्यांनी हे करायचं होतं, त्यांना ते जमलं नव्हतं. आरोग्यसेवेतलं कुठलंही सॉफ्टवेअर सुधारायचं असेल तर पहिल्यांदा अशा चिकटपट्ट्या गोळा कराव्यात असं माझं म्हणणं आहे. तळहातावर लिहिलेले आकडे, मॉनिटरला डकवलेले पासवर्ड, ड्रॉवरमध्ये लपवलेली 'कच्ची वही', व्हॉट्सॲपवर पाठवलेले रिपोर्टचे फोटो. यातली प्रत्येक गोष्ट सांगते की सॉफ्टवेअर कुठे तोकडं पडतं.

वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून वस्तू घडवायची, या विचाराला इंग्रजीत 'युजर-सेंटर्ड' हे नाव मिळून चाळीसेक वर्षं झाली. डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी त्या नावाचा ग्रंथ १९८६ साली संपादित केला आणि १९९९ साली त्यावर आंतरराष्ट्रीय मानकही आलं. आज सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाच्या माहितीपत्रकात हा शब्द असतो. पण 'वापरणारा' म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न विचारला की चर्चा थंडावते. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर विकत घेतो एक जण, वापरतो दुसरा, त्यातून निघालेले अहवाल वाचतो तिसरा आणि चुकलं तर भोगतो चौथा. यातला निविदेच्या टेबलावर हजर असतो तो पहिला, फार तर तिसरा.

याचा पुरावा हवा असेल तर कुठल्याही खासगी हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधलं बिलिंग बघा. ते लोण्यासारखं चालतं. एक्स-रे काढला की रक्कम जमा, खाट बदलली की दर बदलला, विमा कंपनीला हवे ते कागद एका दाबात तयार. तिथे अडखळणं मालकाला परवडत नाही. म्हणजे आपल्या प्रोग्रॅमरांना वापरायला सोपं काही बनवता येत नाही, हा आरोप खोटा आहे. त्यांना येतं. फक्त सिस्टरच्या वाट्याला येणाऱ्या पडद्यासाठी तेवढा घाम कुणी गाळत नाही, कारण तिथल्या मिनिटांची किंमत कुणाच्याच खात्यातून जात नाही.

निविदेतली यादी मी वाचली आहे. 'औषधांची नोंद करण्याची सोय: आहे/नाही.' 'ॲलर्जीची सूचना: आहे/नाही.' असे शेकडो प्रश्न. औषधाची एक नोंद करायला किती वेळा क्लिक करावं लागतं, असा रकाना नाही. 'आहे' असं लिहिलं की गुण मिळतात. दार आहे का, तर आहे. ते उघडायला तीन माणसं लागतात, हे विचारलेलंच नाही.

हे आपल्याच गरिबीचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ या. २०१३ सालची गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं तिथलं रुग्णालय, जगातल्या नावाजलेल्यांपैकी एक. १६ वर्षांचा एक मुलगा एका साध्या तपासणीसाठी दाखल झाला होता. त्याला रोजच्या सवयीची एक अँटिबायोटिक गोळी द्यायची होती. एक गोळी. दिल्या गेल्या साडेअडतीस.

रॉबर्ट वॉख्टर या त्याच संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१५ साली आपल्या पुस्तकात हा प्रसंग तपशिलाने मांडला, तो रुग्णालयाच्या परवानगीने. आपल्याकडे असं धाडस कुणी करेल का, हा वेगळा विषय. झालं असं. मुलाचं वजन ३८.६ किलो होतं. शिकाऊ डॉक्टरने वजनाच्या हिशोबाने डोस टाकला होता. तो गोळीच्या मापात बसत नव्हता म्हणून फार्मसिस्टने तो १६० मिलिग्रॅमचा करून पुन्हा टाकायला सांगितलं. शिकाऊ डॉक्टरने १६० टाइप केलं. पण रकान्यापुढचं एकक 'मिलिग्रॅम' नव्हतं, 'दर किलोला मिलिग्रॅम' होतं. यंत्राने १६०ला ३८.६ने गुणलं. पडद्यावर धोक्याची सूचना आली. ती सूचना दिवसभर येणाऱ्या इतर सूचनांसारखीच दिसत होती. तिने ती बंद केली. फार्मसिस्टलाही सूचना आली. त्यानेही बंद केली. गोळ्या भरणाऱ्या रोबोला शंका येण्याचं कारणच नव्हतं. रात्रपाळीच्या नर्सला मात्र शंका आली. इतक्या गोळ्या? तिने बारकोड स्कॅन केला. यंत्र म्हणालं, बरोबर आहे. मुलाला जोराची आकडी आली. सुदैवाने तो वाचला.

या साखळीत नशेत, आळसात किंवा बेफिकिरीत असलेलं कुणीच नव्हतं. शेवटच्या कडीपाशी उभ्या असलेल्या नर्सची जाणीव तर योग्यच होती. पण यंत्राच्या आत्मविश्वासापुढे तिने स्वतःची शंका मागे घेतली. एका रकान्यात दोन एककं चालतात आणि त्यांच्यातला फरक बारीक अक्षरांत दाखवला जातो, हा निर्णय त्या रात्रीच्या कितीतरी आधी, कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत झाला होता.

सूचनांचा भडिमार केला की माणूस सूचना वाचत नाही, हे तर त्याच्याही आधी सिद्ध झालं होतं. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ साली चालकाने एक अक्षर चुकून दुसरं दाबलं, लगेच वर जाऊन दुरुस्त केलं. इतक्या झपाट्याने केलेली दुरुस्ती यंत्राच्या आतल्या सर्व भागांपर्यंत पोचलीच नाही. पडद्यावर आलं: 'मालफंक्शन ५४'. म्हणजे काय, ते कुठेही धड सांगितलेलं नव्हतं. असे संदेश रोजच यायचे आणि 'पी' हे बटण दाबलं की काम पुढे सरकायचं. तिने 'पी' दाबलं. आत रुग्ण पुन्हा भाजला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचं जे विच्छेदन केलं, ते संगणकशास्त्राच्या वर्गांत अजून शिकवतात. तरीही आजच्या वॉर्डातलं सॉफ्टवेअर 'आर यू शुअर?' एवढंच विचारतं. सिस्टर बिचारी प्रत्येक वेळी 'येस' म्हणते. नाही म्हणून सांगणार कुणाला?

अमेरिकेने २००९च्या कायद्यानंतर अब्जावधी डॉलर ओतून दवाखाने संगणकीकृत केले. २०१६ साली ख्रिस्टीन सिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा डॉक्टर रुग्णासमोर एक तास घालवत असेल तर जवळजवळ दोन तास पडद्यापुढे आणि कागदपत्रांत जात होते. घरी जाऊन रात्री पूर्ण करायच्या नोंदींना तिथे 'पायजमा टाइम' असं नाव पडलं. आता हेच गणित आपल्या ओपीडीला लावा. २०१७ साली 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या पाहण्यांचा आढावा आला. त्यात प्राथमिक उपचारांच्या डॉक्टरला स्वीडनमध्ये एका रुग्णामागे २२ मिनिटं मिळत होती, भारतात जेमतेम दोन. या दोन मिनिटांत पेशंटने खुर्चीत बसायचं, काय होतंय ते सांगायचं, डॉक्टरने तपासायचं आणि लिहायचं. यातली चाळीस सेकंदं सॉफ्टवेअरने खाल्ली तर ती लिहिण्यातून जात नाहीत. ती तपासण्यातून जातात.

म्हणून 'इथे गर्दीच इतकी, डिझाइनचे लाड कुठे करत बसता' हा युक्तिवाद मला कळत नाही. गर्दी आहे म्हणूनच. चार पेशंट असलेल्या डॉक्टरला वाईट सॉफ्टवेअर परवडेल.

आणि या मातीत हे कुणाला सुचलं नाही असंही नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायची खूण साधी: बाळाचे श्वास मिनिटाला किती? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याला ५० किंवा जास्त, तर धोका. पण गावात ते मोजणार कोण? सुईणी. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणं आणि त्याच वेळी घड्याळाकडे बघणं त्यांच्यासाठी अवघड होतं. दहापर्यंत मोजणं मात्र हातचं.

इथे ट्रेनिंगवाले काय करतील ते आपल्याला माहीत आहे. त्यांनी सुईणींना आकडे शिकवायचे वर्ग काढले असते. बंगांनी मणी आणले. एका चौकटीत मण्यांची ओळ आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी. १९९२ साली बालरोगशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात या उपकरणाबद्दल निबंधही प्रसिद्ध झाला.

मला या चौकटीचं जे अप्रूप वाटतं ते तिच्या स्वस्तपणामुळे नाही. स्वस्त आणि देशी म्हटलं की आपण लगेच भारावतो, 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवतो, आणि त्यातला विचार हरवतो. इथला विचार असा की मोजणाऱ्या बाईला काय येत नाही याची यादी न करता तिला काय येतं तिथून सुरुवात केली. वैद्यकीय अचूकता जराही सोडली नाही. ५० आणि ६० हे आकडे जसेच्या तसे राहिले, पण ते मण्यांच्या संख्येत जाऊन बसले. सुईणीला ते माहीत असायची गरजच उरली नाही. चांगलं डिझाइन म्हणजे गुंतागुंत नाहीशी करणं नव्हे. ती कुणाच्या डोक्यावर ठेवायची, हे ठरवणं. बंगांनी ती मण्यांच्या चौकटीवर ठेवली. आपली बहुतेक सरकारी ॲपं ती आशाताईच्या डोक्यावर ठेवतात.

आशाताई आज नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. गडचिरोलीतल्याच घरोघरच्या नवजात सेवेतून पुढे आलेला हा कार्यक्रम. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, छापील फॉर्म, डायरी. शिवाय फोन. आधी फॉर्म भरायचा, मग रजिस्टर, मग 'ऑनलाईन करायचं', मग गटप्रवर्तक ताईंनी ग्रुपवर पाठवलेली 'लिंक भरायची'. एकाच बाळाचं एकच वजन चार ठिकाणी. संगणक आला की कागद जाईल, असं वचन होतं. कागद गेला नाही. त्याला भाऊ मिळाला.

रकाने आखणाऱ्याने आपल्या लोकांचं जगणं कधी पाहिलंच नसावं, असं काही ठिकाणी वाटतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावी, सासरच्या नावाने बाईची नोंद होते. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते. तिथल्या नर्सताईंना ती लहानपणापासून माहेरच्या नावाने ठाऊक. इंग्रजीत नाव टाकायचं, तर आडनावाच्या तीन स्पेलिंगपैकी सासरच्या उपकेंद्राने कुठलं टाकलं असेल ते देव जाणे. नोंदणी क्रमांकाचं कार्ड सासरी कपाटात. शेवटी नर्सताई नवीन नोंद करतात, कारण समोर पोट घेऊन उभी असलेली बाई खरी आणि पडद्यावरची 'नो रेकॉर्ड फाउंड' ही ओळ खोटी. अहवालात दोन गरोदर बायका होतात, त्यातली एक अर्ध्यातूनच 'गायब' झालेली. मग वरून विचारणा: हिचा पाठपुरावा का केला नाही?

ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर विचारूच नका. बीडहून ऑक्टोबरात निघालेलं कुटुंब सहा महिने कोपीत राहतं, ते एका फडावरून दुसऱ्या फडावर. 'कायमचा पत्ता' आणि 'सध्याचा पत्ता' हे दोन रकाने भरून त्यांची गोष्ट संपत नाही.

जन्मतारखेची गंमत वेगळी. केसपेपरवर 'वय अंदाजे ६०' असं लिहून काम भागायचं. सॉफ्टवेअरला तारीख हवी. तारखेशिवाय पुढचं पान उघडत नाही. महाराष्ट्रात एका पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मले, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख ठोकली. आता केसपेपरच्या खिडकीवर बसलेला मुलगा तेच गुरुजींचं काम करतो. फक्त त्याची आवडती तारीख १ जानेवारी आहे. सक्तीचा रकाना खरी माहिती काढत नाही. माहिती नसेल तेव्हा खोटं लिहायला भाग पाडतो आणि वर त्या खोट्याला नीटनेटकं रूप देतो. कागदावरचं 'अंदाजे' हे किती प्रामाणिक होतं, हे ते गेल्यावर कळतं. रजिस्टरांमध्ये १२०/८०च्या लांबच लांब रांगा दिसतात, त्या याच जातीच्या.

आणि ओटीपी. घरात एक फोन, तो नवऱ्याकडे, नवरा कामावर. बाई दवाखान्यात, ओटीपी तालुक्याला. 'दहा मिनिटांत टाका.' नर्सताई नवऱ्याला फोन लावतात, तो मशीनच्या आवाजात आकडे ओरडून सांगतो, तोवर मुदत संपते. ही ओटीपीची अट घालणाऱ्याच्या मनात एक माणूस, एक फोन, एक नंबर असं जग होतं. ते त्याचं स्वतःचं जग होतं, म्हणून त्याला ते सगळ्यांचं वाटलं.

२०२१च्या मार्चमध्ये अंगणवाड्यांसाठी केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी त्याच वर्षी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन कमी क्षमतेचे, गरम होणारे; आणि ॲप इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्या, मराठीतून काम करणाऱ्या बाईने बाळाचं वजन इंग्रजीत भरायचं. बातम्यांमध्ये याला 'सेविकांचा तंत्रज्ञानाला विरोध' असंही म्हटलं गेलं. मला तो वापरणाऱ्यांनी दिलेला सर्वांत स्पष्ट अभिप्राय वाटतो. मोठमोठ्या कंपन्या असा अभिप्राय मिळवायला पैसे मोजतात. पुढे १ जुलै २०२५पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची सक्ती आली. गळती थांबवायची, हा हेतू असेल. पण नेटवर्क नसलेल्या पाड्यावर शिधा हातात घेऊन उभ्या असलेल्या सेविका आणि लाभार्थी अशा दोघींनी फोन आभाळाकडे धरायचा, हा वापर कुणी आधी करून पाहिला होता का?

कोविड लसीकरणाच्या 'कोविन'चं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. जानेवारी २०२१ला सुरू झालेल्या त्या व्यवस्थेवर २०० कोटींहून अधिक मात्रांची नोंद झाली, प्रमाणपत्र क्षणात हाती पडायचं. एवढं मोठं ओझं तिने पेललं, हे मान्य केलंच पाहिजे. पण १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाईन नोंदणीची सक्ती झाली तेव्हा ती इंग्रजीत होती. मराठी-हिंदीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. मधल्या मे महिन्यात काय झालं ते आठवतं. शहरातली बोटं चपळ, गावातलं नेटवर्क मंद. शहरातल्या गाड्या खेड्यांतल्या केंद्रांबाहेर लागल्या आणि गावकरी कट्ट्यावर बसून बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही तेव्हा सरकारला या डिजिटल दरीबद्दल प्रश्न विचारले. पडद्याची भाषा ही सजावट असती, तर लस कुणाच्या दंडात गेली यावर तिचा परिणाम झाला नसता.

आता माझ्यावर उलटणारे दोन मुद्दे आहेत, ते टाळत नाही. पहिला: कागदाचं एवढं कौतुक नको. खरं आहे. डॉक्टरांच्या अक्षरावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले, पण त्या अक्षराने चुकीच्या गोळ्याही दिल्या आहेत. केसपेपर हरवतो, भिजतो, रेकॉर्ड रूममधल्या उंदरांना आवडतो. वडिलांची जुनी फाईल त्याच रुग्णालयात सापडली नव्हती आणि दोन तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या होत्या. मला कागद परत नको आहे. कागदाला जे येत होतं ते सॉफ्टवेअरला यावं, आणि मग वर जे जास्तीचं यायला हवं ते यावं, एवढंच.

दुसरा मुद्दा अधिक अवघड. वापरणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, आमचं रजिस्टर आहे तसंच पडद्यावर द्या. सिस्टरला हवं ते अकाउंटंटला नको, डॉक्टरला हवं ते सिस्टरला जड. मग ऐकायचं कुणाचं? इथे डॉक्टरांनीच आपला धंदा आठवावा. पेशंट येतो आणि सांगतो, छातीत गॅस धरलाय. डॉक्टर गॅसची गोळी देऊन घरी पाठवत नाही, ईसीजी काढतो. पेशंटच्या दुखण्यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो, पेशंटने केलेल्या निदानावर नसतो. वापरणाऱ्याचं म्हणणंही तसंच घ्यायचं. 'रजिस्टरसारखं द्या' ही तक्रार आहे. तिच्या मागे असतं की एका नजरेत सगळे पेशंट दिसत नाहीत. ते कळायला मीटिंग पुरत नाही. रात्रपाळीत खुर्ची टाकून बसावं लागतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन सांगत आले आहेत की पाच जणांना वापरायला देऊन नुसतं बघितलं तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. पाच सिस्टर, दोन रात्री. कुठल्याही निविदेच्या रकमेत हा खर्च चहापाण्याएवढाही नाही.

करून दाखवणाऱ्यांची उदाहरणं आहेत. छत्तीसगडमधल्या गनियारीला 'जन स्वास्थ्य सहयोग'च्या रुग्णालयात 'बाह्मनी' हे मुक्त सॉफ्टवेअर डॉक्टर-नर्सांच्या सोबतीने उभं राहिलं आणि तिथून बाहेरच्या देशांतल्या साध्यासुध्या रुग्णालयांतही गेलं. प्रोग्रॅमर ओपीडीच्या दाराशी उभा राहिला की काय होतं, याचा हा नमुना.

सरकारला काही मागायचं असेल तर मी फार मोठं मागणार नाही. निविदेच्या त्या 'आहे/नाही'च्या यादीत एक परीक्षा घालावी. विकणाऱ्याने आपलं सॉफ्टवेअर खऱ्या वॉर्डात आणावं. त्या वॉर्डातल्या पाच सिस्टरांनी, कुणीही शेजारी उभं राहून न सांगता, पाच कामं करून दाखवावीत: पेशंट दाखल करणं, बीपी नोंदवणं, औषध दिल्याची खूण, चुकलेली नोंद दुरुस्त करणं, पाळी सोपवताना रात्रीचा गोषवारा काढणं. वेळ मोजावी, चुका मोजाव्यात, आणि बिलाचा मोठा हप्ता त्या निकालाला बांधावा. सॉफ्टवेअर बसल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. ज्या दिवशी सिस्टरच्या मिनिटांना पैशांत भाव येईल, त्या दिवशी तिचा पडदा बिलिंगइतका गुळगुळीत होईल. विकणारे वाईट नसतात. ज्याची परीक्षा होते त्याचा ते अभ्यास करतात.

वडिलांना डिस्चार्ज मिळायच्या आदल्या रात्री तीच सिस्टर ड्युटीवर होती. पहाटे ती एंट्री मारत असताना मी तिला विचारलं, "सिस्टर, यातलं एकच काही बदलून मिळणार असेल तर काय मागाल?" मला वाटलं ती टॅबलेट मागेल, नाहीतर आणखी एक कॉम्प्युटर, नाहीतर आणखी एक सिस्टर. तिने पडद्याकडे बोट केलं. पेशंटांची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होती. ए, बी, सी. तिच्या पट्टीवर होते १, २, ३. त्यामुळे प्रत्येक आकड्यासाठी आधी त्या खाटेवरच्या माणसाचं नाव आठवायचं, मग ते यादीत हुडकायचं.

"खाटेच्या नंबराने लावून द्या म्हणावं," ती म्हणाली. "आणि जमिनीवरच्यांनाही नंबर द्या. ते यात बसतच नाहीत. मी त्यांना ३३, ३४ म्हणते, हे ३२च्या पुढे घेत नाही."

त्या सहा जणांचे आकडे तिने कुठे टाकले ते मी पाहिलं. पट्टीचा तेवढा भाग कात्रीने कापून तिने ज्याच्या त्याच्या केसपेपरवर चिकटवला.